मेलाटोनिन: डोस वाढवण्याआधी वेळ सुधारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २९, पुण्यात आयटीत नोकरी. दोन वर्षं अमेरिकेच्या वेळेची शिफ्ट केली, चार महिन्यांपूर्वी दिवसाची शिफ्ट मिळाली. सकाळी ७ ला उठावं लागतं, पण रात्री ३ वाजेपर्यंत डोळा लागत नाही. सुट्टीच्या दिवशी ३ ते १०:३० गाढ झोप लागते. मेलाटोनिन आधी ३ मिग्रॅ, मग ५ आणि आता १० मिग्रॅ, रात्री १ वाजता घेतात. झोप लवकर येत नाहीच, वर सकाळी डोकं जड. कुणीतरी सांगितलं म्हणून महिनाभर पहाटे ६:३० ला उठून टेकडीवर फिरायला जाऊन पाहिलं, त्यानेही फरक पडला नाही. आता डोस आणखी वाढवावा का?

वाढवू नका. १० मिग्रॅ आत्ताच गरजेच्या वीसपट आहे आणि तो चुकीच्या वेळी पोटात जातोय. पहाटेचं फिरणंही तुमच्या बाबतीत उलट्या बाजूने काम करत असणार. हे का, ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं वेळापत्रक पाळायला सोपं जाईल.

मेलाटोनिनला सर्रास ‘झोपेचं हार्मोन’ म्हणतात आणि घोळ तिथून सुरू होतो. उंदीर, वटवाघूळ यांसारख्या रात्री जागणाऱ्या प्राण्यांच्या शरीरातही ते रात्रीच तयार होतं. ‘बाहेर अंधार पडला’ हा निरोप ते शरीरभर पोचवतं, त्या निरोपाचं काय करायचं हे ज्या-त्या प्राण्याचं शरीर ठरवतं. येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ आरन लर्नर यांनी १९५८ मध्ये गायीबैलांच्या मेंदूतल्या पिनियल ग्रंथींतून ते वेगळं काढलं. त्यांचं लक्ष त्वचेच्या रंगद्रव्यावर होतं, कारण या ग्रंथीच्या अर्काने बेडकाची त्वचा फिकी पडते. झोपेचा संबंध बराच नंतर पुढे आला.

शरीराचं मुख्य घड्याळ मेंदूत, हायपोथॅलॅमसच्या सुप्राकायझ्मॅटिक न्यूक्लियसमध्ये असतं. तिथल्या सुमारे २०,००० पेशी मिळून दिवसाचा ताल धरतात. माणसात या तालाची सरासरी लांबी २४ तासांहून जराशी जास्त, साधारण २४ तास ११ मिनिटं असल्याचं हार्वर्डच्या चार्ल्स झायस्लर यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवलं. म्हणजे मोकळं सोडलं तर बहुतेकांचं घड्याळ रोज थोडं मागे पडणार. ते जागेवर ठेवतो डोळ्यांतून शिरणारा प्रकाश. त्यासाठी दृष्टिपटलावर वेगळ्याच पेशी आहेत, त्यांत मेलानॉप्सिन असतं आणि ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला त्या सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. तिथून संदेश घड्याळाकडे, मग मज्जारज्जूतून खाली, मानेतल्या गँग्लियनमधून (चेतापेशींच्या गाठीतून) परत वर आणि शेवटी पिनियल ग्रंथीकडे जातो. प्रकाश पडला की तिथला मेलाटोनिनचा स्राव थांबतो. दोन्ही डोळ्यांतून प्रकाश अजिबात पोचत नाही अशा अनेक अंध व्यक्तींची झोप दर दिवशी पुढे पुढे सरकत जाते ती यामुळेच. २००० साली रॉबर्ट सॅक यांच्या गटाने अशा ७ जणांना रोज ठरावीक वेळी मेलाटोनिन दिलं, तेव्हा ६ जणांचं घड्याळ २४ तासांवर स्थिरावलं. मेलाटोनिनची खरी ताकद घड्याळ जागेवर आणण्यात आहे, याचा याहून स्वच्छ पुरावा सापडणं कठीण.

गुंगी आणण्यात मात्र ते कमजोर आहे. निद्रानाश आणि झोपेच्या इतर विकारांवरच्या १९ चाचण्यांचा एकत्रित हिशेब २०१३ मध्ये मांडला गेला, त्यात झोप सरासरी ७ मिनिटं लवकर लागलेली दिसली. अमेरिकेच्या निद्रावैद्यक अकादमीने २०१७ मध्ये जुनाट निद्रानाशासाठी मेलाटोनिन वापरू नये असं सुचवलं. त्याच अकादमीच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत उशिरा सरकलेल्या झोपेसाठी मात्र योग्य वेळी दिलेलं मेलाटोनिन मान्य आहे. तुमची तक्रार या दुसऱ्या गटातली दिसते, कारण सुट्टीत तुम्ही ३ ते १०:३० म्हणजे साडेसात तास शांत झोपता आणि ताजेतवाने उठता. सुट्टीतही तासन्‌तास कूस बदलत पडून राहत असता, तर उत्तर वेगळं असतं: मग निद्रानाशासाठीची वर्तन-उपचार पद्धत आधी. घोरणं, झोपेत श्वास अडकणं, रात्री पायांत वळवळ होऊन ते हलवावेसे वाटणं, सतत खिन्न वाटणं, यांतलं काही असेल तर आधी तपासून घ्या. मेलाटोनिनने ते झाकलंही जात नाही.

आता तुमचं घड्याळ नक्की कुठे आहे ते काढू. अंधुक प्रकाशात बसलेल्या माणसाच्या लाळेत मेलाटोनिन संध्याकाळी ज्या क्षणी ठरावीक पातळी (साधारण ३ ते ४ पिकोग्रॅम प्रति मिली) ओलांडतं, तो क्षण घड्याळाची सर्वांत विश्वासार्ह खूण मानतात. याला आपण ‘आरंभवेळ’ म्हणू. प्रयोगशाळेत त्यासाठी नेहमीच्या झोपेआधी ५-६ तासांपासून दर अर्ध्या किंवा एक तासाला लाळ घेतात. खोलीत १० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) कमी उजेड, त्या वेळात चहा, कॉफी, चॉकलेट, केळं बंद, आणि आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळीही नको, कारण ती स्राव दाबू शकते. सकाळी एकदाच रक्त काढून केलेली मेलाटोनिनची चाचणी काहीच सांगत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

चाचणीशिवायही कामापुरता अंदाज बांधता येतो. आरंभवेळ ही साधारणपणे आपोआप झोप लागण्याच्या २ तास आधी येते. तुमच्या बाबतीत ती रात्री १ च्या सुमारास. शरीराचं तापमान सर्वांत खाली जातं तो बिंदू आरंभवेळेनंतर सुमारे ७ तासांनी, आणि आपोआप जाग येण्याच्या अडीच-तीन तास आधी येतो. दोन्ही बाजूंनी मोजलं तर तुमचा हा बिंदू सकाळी ८ च्या जवळ पडतो. हा ८ चा आकडा लक्षात ठेवा, पुढचं बरंच काही त्यावर उभं आहे.

या तळबिंदूच्या आधी डोळ्यांवर पडलेला तेज प्रकाश घड्याळ उशिराकडे ढकलतो, तळबिंदूनंतरचा प्रकाश लवकरकडे ओढतो. सकाळी ६ ला उठणाऱ्या माणसाचा तळबिंदू पहाटे साडेतीनच्या आसपास असतो, म्हणून त्याला सूर्योदयाचं ऊन फायद्याचं. तुमचा तळबिंदू ८ ला. तुम्ही ६:३० ला टेकडीवर गेलात तेव्हा शरीराच्या हिशेबाने ती मध्यरात्र उलटल्यानंतरची वेळ होती. त्या उन्हाने घड्याळ आणखी उशिराकडे ढकललं. ‘सकाळचं ऊन घ्या’ हा सल्ला सरसकट दिला जातो, आणि झोप तीन-चार तास सरकलेल्या माणसाला तो नेमका उलटा पडतो. यात तुमच्या चिकाटीचा काहीही दोष नाही.

मेलाटोनिनची गोळी प्रकाशाच्या जवळपास उलट वागते: दुपारनंतर ते रात्रीच्या सुरुवातीपर्यंत घेतली तर घड्याळ लवकरकडे येतं, तळबिंदूनंतर आणि सकाळी शरीरात असली तर उशिराकडे जातं. शिकागोत हेलन बर्जेस यांच्या गटाने २००८ आणि २०१० मध्ये हे तास-तासाने मोजलं. ०.५ मिग्रॅचा सर्वाधिक परिणाम आरंभवेळेच्या २ ते ४ तास आधी दिसला, ३ मिग्रॅचा सुमारे ५ तास आधी. योग्य वेळी दिल्यावर दोन्ही डोसांनी घड्याळ जवळपास सारखंच सरकलं. सहापट डोसने सहापट काम होत नाही.

आता तुमचा १ वाजताचा १० मिग्रॅ बघा. साध्या गोळीतल्या मेलाटोनिनचा अर्धायुकाल (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) तासाच्या आतबाहेर असतो. पाच अर्धायुकालांत १० मिग्रॅचे साधारण ०.३ मिग्रॅ उरतात. म्हणजे सकाळी ६ च्या सुमारासही तुमच्या अंगात ताज्या छोट्या डोसइतकं मेलाटोनिन आहे, आणि ८ नंतर जे काही शिल्लक राहील ते उशिराच्या बाजूला ढकलतंय. ७ च्या गजराला डोकं जड असतं त्यात याचाही हात असू शकतो. मुळात शोषणानंतर यकृतातून सरासरी जेमतेम १५ टक्के औषध रक्तात पोचतं आणि माणसामाणसात हे प्रमाण कितीतरी बदलतं. म्हणून मित्राला ३ मिग्रॅ सोसते म्हणजे तुम्हालाही सोसेल असं नाही. एमआयटीत इरिना झ्डानोवा आणि रिचर्ड वर्टमन यांनी निद्रानाश असलेल्या वयस्कर मंडळींवर ०.१, ०.३ आणि ३ मिग्रॅ ताडून पाहिले. सर्वांत चांगली झोप ०.३ वर लागली. ३ मिग्रॅने शरीराचं तापमान उतरलं आणि दिवसाही रक्तातली पातळी चढलेली राहिली.

गोळी कोणती? साधी, लगेच विरघळणारी ३ मिग्रॅची. पिल-कटरने चार तुकडे करा, एक तुकडा ०.७५ मिग्रॅचा होतो, तो पुरे. पाकिटावर एसआर, पीआर किंवा सस्टेन्ड रिलीज लिहिलेली गोळी कापू नका. कापली की हळूहळू सुटण्याची रचना मोडते आणि सगळं एकदम बाहेर येतं. शिवाय तुम्हाला संध्याकाळी एक छोटा, लवकर उतरणारा ठोका हवाय, रात्रभर चालणारी पातळी नको. गमी (चघळून खायच्या गोड, रबरी गोळ्या) टाळा. अमेरिकेत २०२३ मध्ये २५ प्रकारच्या गमी तपासल्या, त्यांतल्या २२ वरचं लेबल चुकीचं निघालं आणि एकीत मेलाटोनिन अजिबात नव्हतं. त्याआधी २०१७ मध्ये कॅनडात ३१ उत्पादनं तपासली होती. काहींत लेबलपेक्षा ८३ टक्के कमी, एका उत्पादनात ४७८ टक्के जास्त, आणि ८ उत्पादनांत चक्क सेरोटोनिन हे दुसरंच रसायन सापडलं. औषध म्हणून बनवलेली, बॅच नंबर असलेली, फक्त मेलाटोनिन असलेली गोळी घ्या. झोपताना दूध पिण्याची सवय असेल तर खुशाल प्या, पण त्यातलं मेलाटोनिन नॅनोग्रॅममध्ये असतं, त्याने घड्याळ हलत नाही.

वेळापत्रक असं ठेवा. शनिवारी सुरुवात करा आणि सोमवार ते बुधवार ऑफिसला उशिरा जाण्याची किंवा घरून काम करण्याची परवानगी आधीच काढून ठेवा. शनिवारी ९:३० ला उठा, रविवारी ९ ला, सोमवारी ८:३०, मंगळवारी ८, बुधवारी ७:३०, गुरुवारी ७. दररोज उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत घराबाहेर पडा आणि ३० ते ४५ मिनिटं उजेडात राहा. गॉगल नको, सूर्याकडे बघायचंही नाही. खिडकीत बसून भागत नाही: पुण्यात पावसाळ्यातल्या ढगाळ सकाळीही बाहेर काही हजार लक्स मिळतात, घरात खिडकीपासून दोन-तीन मीटर आत गेलं की शे-दोनशेच उरतात. उठण्याच्या ठरलेल्या वेळेआधी जाग आली तर पडदे ओढलेले ठेवा आणि मोबाइल हातात घेऊ नका. एखाद्या दिवशी लवकर बाहेर पडावंच लागलं तर गडद गॉगल लावा, मात्र झोप अपुरी असेल तर दुचाकी चालवू नका. एखादी पायरी जड गेली, म्हणजे उठलात पण रात्री झोप अलीकडे आली नाही, तर त्याच पायरीवर दोन दिवस थांबा. घाई करून तळबिंदूच्या अलीकडे उडी मारली की पुन्हा टेकडीसारखंच होईल.

गोळीचा तुकडा पहिले चार दिवस रात्री ९:३० ला, पुढचे चार दिवस ९ ला, नंतर ८:३० ला. तुमच्या १ च्या आरंभवेळेपासून ९:३० म्हणजे साडेतीन तास आधी, अगदी २ ते ४ तासांच्या हव्या त्या टप्प्यात. त्या वेळी झोप आली नाही तर ‘गोळी लागू पडली नाही’ असं समजू नका. ती त्या क्षणी झोपवण्यासाठी दिलेलीच नाही. पण थोडी सुस्ती येऊ शकते, म्हणून गोळीनंतर गाडी चालवायची नाही. अंथरुणात आधी २:३० ला जा, मग रोज अर्धा तास अलीकडे या, ११:३० पर्यंत. पहिल्याच रात्री ११ ला जाऊन पडलात तर झोपेला सर्वांत प्रतिकूल अशा तासांत तळमळत राहाल, कारण नेहमीच्या झोपेआधीचे दोन-तीन तास शरीर सर्वांत जास्त जागं असतं. ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये ११६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ०.५ मिग्रॅ, हव्या असलेल्या झोपवेळेच्या एक तास आधी, आठवड्यातून किमान ५ रात्री, चार आठवडे, सोबत झोपेची ठरलेली वेळ, असं दिल्यावर झोप सरासरी ३४ मिनिटं अलीकडे आली. सकाळच्या उजेडाची जोड दिल्याशिवाय मोठी झेप मिळत नसावी, असं या आकड्यावरून वाटतं.

इथे आपल्याकडची एक अडचण येते: रात्रीचं जेवण. ९:३० ला गोळी आणि ९:४५ ला भात-आमटी हे जुळत नाही. स्वादुपिंडाच्या इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशींवर मेलाटोनिनचे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप पकडणारे रेणू) असतात, आणि रक्तात मेलाटोनिन चढलेलं असताना पोटात पिष्टमय पदार्थ गेले तर इन्सुलिन कमी पडून साखर जास्त वर जाते. स्पेनमध्ये मार्ता गारौलेत यांच्या गटाने निरोगी स्त्रियांना ५ मिग्रॅ देऊन ग्लुकोज पाजलं, तेव्हा सकाळी आणि संध्याकाळीही साखर हाताळण्याची क्षमता घसरलेली दिसली. मेलाटोनिन ग्राहकाच्या एमटीएनआर१बी या जनुकाचा एक प्रकार असलेल्यांत हा परिणाम जास्त होतो, आणि या जनुकाजवळच्या बदलांचा टाइप २ मधुमेहाशी असलेला संबंध २००९ मध्ये युरोपीयांबरोबर भारतीय वंशाच्या लोकांतही दाखवला गेला. म्हणून गोळीच्या किमान दीड-दोन तास आधी जेवण उरका. सुरुवातीला ७:३० ला, गोळी ८:३० वर आली की जेवण ७ च्या आत. घरी उशीर होत असेल तर ऑफिसमध्येच ६:३०-७ ला डब्यातली पोळी-भाजी खा आणि घरी आल्यावर जड काही घेऊ नका. आईवडिलांना मधुमेह असेल तर ही अट माझ्या मते गोळीच्या वेळेइतकीच महत्त्वाची आहे.

संध्याकाळच्या उजेडाकडे लोक फक्त मोबाइलच्या रूपात पाहतात. खरा दोषी बहुतेक घरांत छताजवळची पांढरीशुभ्र एलईडी ट्यूब असते. साध्या खोलीतला, २०० लक्सच्या आतला उजेडही झोपेआधी राहिला तर मेलाटोनिनचा आरंभ उशिरा होतो आणि त्याच्या स्रावाचा रात्रीचा एकूण काळ सुमारे दीड तासाने आखडतो, असं २०११ मध्ये ११६ जणांवर दिसलं. माणसामाणसांतला फरकही प्रचंड आहे: स्राव निम्मा दाबायला कुणाला ६ लक्स पुरतात, कुणाला ३५० लागतात. तुम्ही संवेदनशील टोकाला असाल असं धरून चला. झोपण्याआधी ३ तास ट्यूब बंद, डोळ्यांच्या पातळीखाली ठेवलेला २७०० केल्व्हिनचा (केल्व्हिन हा दिव्याच्या रंगछटेचा आकडा, जितका जास्त तितका उजेड निळसर) एक पिवळसर दिवा पुरे. तेवढ्याच लक्सच्या ६५०० केल्व्हिन दिव्याच्या तुलनेत घड्याळावरचा त्याचा परिणाम साधारण निम्मा. चष्म्याच्या दुकानात मिळणाऱ्या पारदर्शक ‘ब्लू कट’ काचा ४८० नॅनोमीटरच्या पट्ट्यात फारसं काही अडवत नाहीत, नारिंगी काचा अडवतात. दिवसभर भरपूर उजेड मिळालेल्या माणसावर संध्याकाळच्या दिव्याचा परिणाम कमी होतो, हाही सकाळच्या फेरीचा फायदा.

चहा-कॉफी दुपारी ३ नंतर बंद. झोपेआधी ३ तास घेतलेल्या दुहेरी एस्प्रेसोइतक्या कॅफीनने मेलाटोनिनचा ताल सुमारे ४० मिनिटं मागे गेल्याचं २०१५ मध्ये मोजलं गेलं आहे.

कुणी स्वतःच्या मनाने घेऊ नये: गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, लहान मुलं, अपस्माराचे रुग्ण, रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असणारे. फ्लुवॉक्झामिन (नैराश्यासारख्या मानसिक आजारांवरचं औषध) घेणाऱ्यांनी तर अजिबात नको, कारण मेलाटोनिन मोडणारं यकृतातलं एन्झाइम ते रोखतं आणि रक्तातली पातळी अनेक पटींनी चढते. गर्भनिरोधक गोळ्यांनीही पातळी वाढते, धूम्रपानाने उतरते. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉलसारख्या बीटा-ब्लॉकरने (रक्तदाब-हृदयविकारावरच्या गोळ्यांनी) शरीराचा स्वतःचा रात्रीचा स्राव घटतो, अशांना झोपेची तक्रार असेल तर डॉक्टरांशी बोलून गोळीची वेळ किंवा प्रकार बदलता येतो. ते औषध परस्पर बंद करू नका. घरात लहान मूल असेल तर पाकीट कुलपात ठेवा.

चार आठवडे झाले आणि ११:३०-७ बसलं की तुकडा एक दिवसाआड करा आणि आणखी दोन आठवड्यांत थांबवा. उठण्याची वेळ आणि सकाळचा उजेड मात्र चालूच. रविवारी ८ च्या पुढे झोपू नका, दुपारची डुलकी ३ च्या आत आणि २० मिनिटांची. एक उशिराचा वीकेंड आणि दुपारी १२ पर्यंतची झोप एवढ्याने घड्याळ तासभर मागे जाऊ शकतं. तसं झालं तर पुन्हा त्याच पायऱ्यांनी, दोन-तीन दिवसांत परत या. तीन आठवडे नेटाने करूनही झोपेची वेळ तासभरही हलली नाही, तर दोन आठवड्यांची झोपेची नोंदवही (अंथरुणात कधी गेलात, कधी झोप लागली, कधी उठलात, बाहेर किती वेळ होतात) घेऊन निद्रारोगतज्ज्ञांकडे जा. आणि कंपनीने पुन्हा रात्रपाळी दिली तर हे वेळापत्रक तसंच वापरू नका. तेव्हा तळबिंदू मुद्दाम उशिरा, सकाळी १० च्या आसपास नेऊन दिवसाच्या झोपेत बसवावा लागतो. त्यासाठी पाळीच्या पहिल्या भागात तेज उजेड, घरी येताना गडद गॉगल आणि सुट्टीतही ३ ते १२ झोप, असा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल.